आप्पांनी दिलेला बोथट वस्तरा

मी जर्मनीला निघाले तेव्हा कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर आईनं चटणीचा डबा दिला आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रुमालात गुंडाळलेला वस्तरा. लक्ष्मीपुरीतून आणलेला, नवाकोरा, स्वस्तातला आणि साफ बोथट. मला दाढी कुठली? तर म्हणाले, "मोठ्या ब्यागंत टाक. धार लावून आण, मग तुला इंजिनेर म्हणतो." आप्पा जन्मभर स्वतः पाजवलेल्या वस्तऱ्यानंच दाढी करत आले, दुसऱ्याचा हात गालाला लागू दिला नाही. मला भयंकर राग आला होता. गाडी हलली तरी मी मागं बघितलं नाही.

इकडं कारखान्यात मी कटिंग टूल्सना धार लावायच्या मशीनवर असते. सगळा कारभार मायक्रॉनचा. मग वस्तरा काय चीज आहे? एका संध्याकाळी, फायरआबेंड झाल्यावर, म्हणजे कामावरून सुटल्यावर, दगड भिजवला आणि जोर लावून घासला. धार नखाला चांगली बोचली. सुट्टीत ऐटीत घेऊन गेले.

आप्पांनी मनगटावरून फिरवला. एक केस तुटला नाही.

"ह्यानं काकडीबी सोलायची न्हाय. दाबलंस न्हवं? दाबू नगंस, पोरी. पोलादाला त्याचं वजन हाय की."

दाबल्यामुळं कडेला पातळ पापुद्रा उभा राहिला होता आणि मी त्यालाच धार समजले होते. खरं तर तेव्हा मी सगळंच दाबून करत होते. जर्मन भाषा, नोकरी, फोनवर "मजेत आहे" म्हणणं. तुमच्यातले जे बाहेर पडले, त्यांना वेगळं सांगायला नको.

यंदा आप्पांचा हात थरथरायला लागला. भाऊ ट्रिमर घेऊन गेला तर त्याला हाकलून दिलं. व्हिडिओ कॉलवर त्यांची वाढलेली पांढरी खुंटं बघून मला रडू यायचं. मग परत आणलेला तोच वस्तरा घेऊन रोज बसले. वस्तरा दगडावर आडवा, कणा आणि धार दोन्ही टेकलेली, हात हलका. शेवटी जुन्या कोल्हापुरी चपलेच्या कातड्यावर उलटा, धार मागं ठेवून फिरवायचा, आप्पा फिरवायचे तसा.

गेल्या महिन्यात घरी पोचले. मीच त्यांच्या मनगटावर वस्तरा टेकवला. केस अलगद उतरले. आप्पांनी त्या मोकळ्या पट्ट्याकडं बघितलं. मला वाटलं, आता इंजिनेर म्हणतील. त्यांनी टॉवेल खांद्यावर घेतला, खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि हनुवटी वर केली.

"दाबू नगंस," एवढंच म्हणाले.

इकडं कुणी घर कुठं म्हणून विचारलं की मी कोल्हापूर सांगते. आठवतो मात्र आप्पांचा तो गळा, माझ्या हाताखाली निवांत.