सारिकाच्या जबड्याची पट्टी

भुतांवर माझा विश्वास नाही. खरं सांगायचं तर माणसांवरही फारसा नाही. चेहऱ्याच्या आणि जबड्याच्या दुखापतींची सर्जन म्हणून इतकी वर्षं काढली की असं होतं... 'कपाट लागलं', 'जिन्यावरून घसरले' असं पेशंट सांगतो आणि एक्स-रे भलतंच काही सांगत असतो. माझा नवरा तर म्हणतो, तू दूधवाल्याशीही उलटतपासणी घेतल्यासारखं बोलतेस. असो. घडलं ते जसंच्या तसं सांगते.

लोणावळ्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये मी ऑपरेशनं करते, बाकी वेळ सोमाटण्याला माझं क्लिनिक. पावसाळा संपत आला होता तेव्हा सारिकाला आणलं. ती आणि तिची सासू हौसाबाई मळवलीला एका बंगल्याची देखभाल करतात, नवरा ट्रकवर बाहेरगावी. स्विमिंग टँकच्या कडेचं शेवाळ घासताना सून घसरली आणि हनुवटीवर आपटली, असं सासूने सांगितलं.

मी मनात म्हटलं, हो का! सासूच सांगणार. पण एक्स-रे बघितला तर हनुवटी मधोमध मोडलेली आणि दोन्ही कानांपुढे जबडा तुटलेला. हनुवटीवर पडलं की नेमकं असंच मोडतं. म्हणजे म्हातारी खरं बोलत होती. तरी माझं मन काही साफ होईना. सुनेला बोलता येत नाही आणि सासूचं तोंड थांबत नाही, हे मला खटकत होतं.

सूज उतरेपर्यंत ऑपरेशन करता येणार नव्हतं. तोवर हाडं हलू नयेत म्हणून मी हनुवटीखालून डोक्यावर घेऊन घट्ट पट्टी बांधायला घेतली. हौसाबाईंनी माझा हातच धरला.

"मॅडम, असं नका बांधू. आमच्यात मयताचं तोंड बांधत्यात असं. जित्या माणसाचं न्हाई."

"मावशी, हाड हललं तर पोरगी जन्मभर वाकड्या तोंडाने जेवेल. चालेल का?"

"तुमी शिकल्याल्या... पर माजं मन घेत न्हाई बगा."

मी बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला गेले तर पट्टी सुटलेली, आणि उशीशेजारी छान गुंडाळून ठेवलेली! माझं डोकंच फिरलं.

"मावशी, सांगितलं होतं ना हात लावायचा नाही?"

"देवाशप्पथ, म्या शिवली न्हाई."

"मग काय आपोआप सुटली?"

म्हातारी रडायला लागली. सारिका मात्र माझ्याकडे टकामका बघत होती. मी पट्टी परत बांधली, गाठीवर चिकटपट्टी लावली आणि सोमाटण्याला गेले. दुपारी सिस्टरचा फोन — "मॅडम, पट्टी परत सुटलीय. आजी तर खाली चहाला गेल्या होत्या." मला वाटलं, म्हातारीने रडून-भेकून सिस्टरलाही फितवलंय. म्हटलं, थांबा, आता मीच येते.

संध्याकाळी आले. स्वतःच्या हाताने पट्टी बांधली, गाठीवर पुन्हा चिकटपट्टी लावली, हौसाबाईंना बाहेर बाकावर बसवलं आणि दार लावून खुर्ची टाकून बसले. त्या खोलीत दुसरा पेशंट नव्हता. सारिकाचे दोन्ही हात पांघरुणावर, मला दिसतील असे. खालून गाड्यांचे हॉर्न चालू होते. मोबाईलवर मेसेज आला, मी तो वाचला आणि मान वर केली...

पट्टी उशीशेजारी. गुंडाळलेली. सारिकाचे हात जिथल्या तिथे.

उठून उभी राहते न राहते तोच सारिकाला भडभडून उलटी झाली — तोंडातल्या जखमेतून पोटात गेलेलं काळं रक्त, सगळं एकदम. मी तिला कुशीवर वळवलं, सक्शन लावलं, सिस्टरला ओरडून बोलावलं. निभावलं कसंबसं. पट्टी जागेवर असती तर तिला तोंड उघडताच आलं नसतं. ती गाठ आणि चिकटपट्टी सोडवेपर्यंत पोरगी माझ्या डोळ्यांदेखत गुदमरली असती. मी इतकी कधीच घाबरले नव्हते. हौसाबाई आत धावत आल्या, तर त्यांच्याकडे बघायची मला हिंमत होईना.

पुढे ऑपरेशन व्यवस्थित झालं. प्लेटा बसल्या, दात जुळले. सारिका तपासणीला आली तेव्हा सासूला बाहेर पाठवून मी हळूच विचारलं, "पट्टी कोण सोडायचं गं? सासूच ना? सांग, मी रागावणार नाही."

तिला हसूच आलं. "असं काय इचारता मॅडम? तुमीच की."

"मी?"

"व्हय. सकाळी तुमी, दुपारीबी तुमीच. हळूच सोडायच्या, गुंडाळून ठेवायच्या."

"अगं, दुपारी मी सोमाटण्याला होते! आणि संध्याकाळी तर समोर खुर्चीत बसले होते."

सारिका जरा विचारात पडली. "व्हय की... खुर्चीत तुमी मोबाईल बगत व्हत्या. आन् उशापाशीबी तुमीच व्हत्या. मला वाटलं, औषधाची गुंगी हाय, म्हनून दोन दोन दिसत्यात."

डोक्याला मार, वेदनेची औषधं, रात्रभर झोप नाही... अशा वेळी पेशंटला काहीही दिसतं, हे मी दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतं. पण औषधं सारिकाला दिली होती, पट्टीला नाही. ती कशी सुटली याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. सासूवर संशय घेऊन झाला, सिस्टरवर घेऊन झाला. आता स्वतःवर कसा घ्यायचा, कुणी सांगेल का?

आणि निघताना सारिका दारात थांबून जे बोलली, ते मी घरी अजून सांगितलेलं नाही.

"मॅडम, खुर्चीतल्या तुमी लय रागात व्हत्या. उशापाशी व्हत्या त्या रडत व्हत्या."