भरून परत करायचा डबा

शेजारच्या घरातून आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, असं आई मानायची. काहीच नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. आई गेली त्याला आता काही महिने झाले. तिच्या मागे जे उरलं त्यात एक पितळी डबा आहे, तो आमचा नाही. परत करायचा राहून गेलेला.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. वडील बंगळुरातल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून लागले होते. क्वार्टर मिळेपर्यंत चिकपेटेच्या मागच्या एका गल्लीत, एका मराठी घराचा मागचा भाग आम्ही भाड्याने घेतला होता. हे घरमालक कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेले. घरात एक विधवा बाई होत्या, त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही अक्का म्हणू लागलो. त्या मराठीच बोलायच्या, पण निम्मी कानडीत भिजलेली. "स्वल्प थांब ग," "पाऊस येतं बघ," असं. रात्री जेवताना आई त्यांची नक्कल करायची आणि वडील हसायचे. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, असं मला तेव्हा वाटायचं.

माझा धाकटा भाऊ तर अक्कांच्याच घरी वाढत होता. सकाळी उठला की चड्डी सावरत त्यांच्या स्वयंपाकघरात. अक्काही आमच्या स्वयंपाकघरात न विचारता शिरायच्या, पातेल्यावरचं झाकण उचलून बघायच्या आणि म्हणायच्या, "यात गूळ घातलीस? आमटीत? सरी, तुमची जीभ तुमच्यापाशी." सरी म्हणजे कानडीत 'बरं'.

त्या उन्हाळ्यात आजोबा, म्हणजे आईचे वडील, साताऱ्याहून आमचं घर पहिल्यांदा बघायला येणार होते. आईने इतक्या लांब दक्षिणेत जायला त्यांचा विरोध होता. "तिकडे परक्या मुलखात तुला घर मांडता यायचं नाही," असं ते आम्ही निघताना सर्वांदेखत बोलले होते. आईच्या मनात ते रुतून बसलं होतं. आपलं घर बघून त्यांनी एकदा 'जमलं तुला' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. तिने ठरवलं, माहेरी होतं तसं सगळं वाळवण करायचं. त्यांच्या पानात आपल्या हातची कुरडई वाढायची.

अक्का म्हणाल्या, "आता नको ग. वैशाख आला. ऊन कलली की पाऊस येतं इथं. आम्ही माघातच घालतो."

"अहो अक्का, उन्हाळ्यात कसला पाऊस?" आई हसत म्हणाली. "आमच्याकडे कुरडया उन्हाळ्यातच घालतात."

"तुमच्याकडे ग. इथलं सांगते मी."

"बघू या की!"

"सरी. तुझी मर्जी," म्हणून त्या गेल्या. आई मला डोळा मिचकावून हळूच म्हणाली, "ऊन कलली, म्हणे."

गहू भिजवले, वाटले, चीक काढला. शिजलेला गरम चीक वाटीत घालून, वर साखर आणि दूध घालून आईने आम्हाला दिला. त्याची चव अजून जिभेवर आहे. सकाळी गच्चीवर तिची जुनी लुगडी अंथरून आईने सोऱ्याने कुरडया घातल्या. पांढऱ्याशुभ्र, ओळीने. भावाला छत्रीखाली बसवून हातात कावळे हाकलायची काठी दिली. तो कावळ्यांशी कानडीत भांडत होता.

दुपारी आईचा डोळा लागला. मी पुस्तक वाचत होते. खोलीत अंधारून आलं ते मला आधी कळलंच नाही. ढग गडगडले तेव्हा आई उठली आणि जिन्याकडे धावली, मी तिच्या मागे. आम्ही वर पोचेपर्यंत टपोरा पाऊस कोसळत होता. लुगड्यांवरच्या कुरडया विरघळून पुन्हा चीक झाल्या होत्या. गच्चीच्या पन्हाळीतून खाली पांढरं पाणी पडत होतं. भाऊ कधीच खाली पळाला होता. त्या पाण्याखाली दोन्ही हात धरून ओरडत होता, "आई, दूध! दूध!"

आई ओल्या लुगड्याचं टोक धरून उभी राहिली. आजोबांची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती.

संध्याकाळी अक्का आल्या. 'मी सांगितलं होतं ना,' असं एका शब्दाने म्हणाल्या नाहीत. हातात पितळी डबा. "कोहळ्याचे संडिगे आहेत. माघातले. तळून घाल बापाला."

आईचे डोळे भरले. "अक्का, डबा भरून परत करीन हं."

"कर ग सावकाश. पळून कुठं जातेस?"

दुसऱ्या दिवशी आजोबा पाटावर बसले. शेजारी मी. अक्का दाराशी बसून भावाला भरवत होत्या. आजोबांनी तळलेला सांडगा मोडून तोंडात टाकला, मग आणखी एक घेतला. हिंगाचा आणि हिरव्या मिरचीचा वास सगळ्या खोलीत भरला होता.

"वा! कुरकुरीत झालाय. तूच केलास ना गं?"

आईच्या हातात भाताचं भांडं होतं. तिने त्यांच्या पानात भात वाढला. "हो," म्हणाली.

"नाही! अक्कांचे आहेत!" भाऊ तोंडातला घास सांभाळत म्हणाला.

"अरे लबाडा!" आजोबा हसले.

"त्याला सगळं अक्कांचंच वाटतं हो, बाबा," आई घाईने म्हणाली. "परवा मलाही म्हणाला, तू अक्कांची आई आहेस."

सगळे हसले. अक्काही हसल्या. "सरी रे बाळा, सगळं माझंच," त्या म्हणाल्या. त्याचं तोंड पुसलं, आणि चुलीवर दूध ठेवलंय म्हणून उठून गेल्या.

आजोबा ताकाचा पेला खाली ठेवत म्हणाले, "जमलं तुला. मीच चुकलो होतो."

आईला हवं होतं ते मिळालं. तेव्हा ती खाली मान घालून भाताची शितं वेचत होती.

पुढे काही बिनसलं असं कुणाला सांगता आलं नसतं. अक्का भावाचे तितकेच लाड करायच्या. फक्त आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबून हाक मारायच्या. झाकणं उचलणं बंद झालं. डबा फळीवरच राहिला. आई लाडू करायची, चिवडा करायची, डब्याकडे बघायची आणि म्हणायची, "हे नको. हे त्यात शोभत नाही." वडील म्हणायचे, "अगं, डबाच तर आहे. घाल काहीतरी." त्यांना काय सांगणार?

मग क्वार्टर मिळालं, शहराच्या पूर्वेला, आजच्या इंदिरानगरच्याही पलीकडे. सामानाबरोबर डबाही आला. पुढे ते चिकपेटेचं घर कापडाच्या गोदामासाठी विकलं गेलं आणि अक्का देवनहळ्ळीला आपल्या भावाच्या शेतावर राहायला गेल्या, असं कानावर आलं.

त्यानंतर आई दर माघात कोहळ्याचे सांडगे घालू लागली, अक्कांच्या रीतीने. पहिले वाळलेले त्या डब्यात भरायची. "या वेळी देवनहळ्ळीला जाऊन येऊ." कधी आमच्या परीक्षा, कधी वडिलांची कारखान्यातली पाळी, कधी नुसतंच राहिलं. पावसाळा आला की डबा उघडायचा आणि आम्ही ते सांडगे खाऊन टाकायचो. घरी आलेल्या प्रत्येकाला ती न विचारता सांगायची, "ही आमच्या अक्कांची रीत बरं का, माझी नाही." सगळ्यांना सांगितलं तिने. आजोबांना मात्र नाही. ते पुन्हा आले नाहीत, आणि पत्रात लिहायची ही गोष्ट नव्हे, असं ती म्हणायची. अक्कांना तर नाहीच.

देवनहळ्ळी लांब नव्हती. मी नोकरीला लागल्यावर एखाद्या रविवारी तिला बसमधून सहज नेता आलं असतं. तिने दोनदा विचारलंही. मला पुस्तक संपवायचं होतं, किंवा असंच काही.

परवा भाऊ आला होता. आईची भांडी आम्ही जमिनीवर मांडली. त्याने तो डबा उचलला, उलटा केला आणि बुडाशी कोरलेली कानडी अक्षरं बोट फिरवत वाचली. एका बाईचं नाव होतं. आईला कानडी वाचता येत नव्हतं, आणि आमच्या घरात ते नाव कधी कुणी उच्चारलं नव्हतं.

"हे कुणाचं गं?" त्याने विचारलं.

"अक्कांचा डबा आहे," मी म्हटलं.

तो डब्याकडे बघत राहिला. आठवायचा प्रयत्न करत होता, ते दिसत होतं.

"कोण अक्का?" तो म्हणाला.