सिसिलीत आईसाठी स्वयंपाकाचा वर्ग

मंडळी, आज मन लागत नाहीये.

दुपारी समुद्रपूरच्या घरी मी आईबाबांना इटलीतल्या सिसिली बेटाच्या सहलीचा बेत सांगत होते. जुनी देवळं, बाजार, आणि खास आईसाठी तिथली वांग्याची भाजी शिकायचा वर्ग.

बाजारात विकायला वांगी निवडणारी आई थांबली. "तिथंबी मलेच रांधा लागन का?"

बाबा हसले. "तुले तं येतेच!"

मी वरमले. "मग तुला काय हवंय, आई?"

"कोणी गरम ताट वाढून देल्लं, तं बसून खाईन."

वर्ग मी लगेच रद्द केला. संध्याकाळी आईनं हाक मारली, "या, पोळ्या गरम हायेत." आणि आम्ही बसलो की जेवायला! ती शेवटी गारच जेवली.

गरम ताटासाठी तिनं समुद्र ओलांडायचा का? तुमच्याकडे आज शेवटी कोण जेवलं?