नव्या फोनमधली अकरा मापं

नऊ फेब्रुवारी, सोमवार. अस्तर भिजत घालायचा दिवस. अस्तराचं कापड आधी पाण्यातून काढलं नाही तर पहिल्याच धुण्यात आक्रसतं आणि ब्लाऊज अंगात गोळा होतो. अकरा ब्लाऊजांचं अस्तर दोन बादल्यांत बुडवलं आणि फोन बदलून आणायला निघाले. दुपारपर्यंत अस्तर वाळेल, मग कापायला बसायचं, असा बेत होता.

धारूरला घराच्या पुढच्या खोलीत मी बावीस वर्षं ब्लाऊज शिवते. माझ्या जुन्या फोनची बॅटरी फुगली होती. पाठ उचकटून वर आली होती आणि ती मी केसांच्या रबराने बांधून ठेवली होती. पुण्यातल्या मुलीने स्वतःला नवा फोन घेतला आणि तिचा मला धाडला. तो दुसऱ्या कंपनीचा, महागातला. आमच्याकडे त्या कंपनीचा फोन कुणाच्या हातात दिसला की लोक आधी फोन बघतात, मग माणूस. घरी यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "आता हा घेऊन दळणाला जाऊ नको. चक्कीवाला उभा राहून नमस्कार करंल."

मला नमस्काराची गरज नव्हती. मला माझी मापं हवी होती.

माझी मापं फोनमध्ये असतात, आणि तीही आवाजात. पूर्वी मुलगी शेजारी बसून वहीत लिहायची. तिचं लग्न झालं तेव्हापासून लिहायला कुणी नाही. टेप दोन्ही हातांत, मग पेन कुठं धरणार? म्हणून फोनचं रेकॉर्डिंग चालू करून खिडकीत ठेवते आणि मोठ्याने बोलत जाते. छाती अडतीस, कंबर बत्तीस, दंड अकरा. बाई गेली की त्या रेकॉर्डिंगला तिचं नाव देते. कापताना फोन लावला की झालं.

ही अकरा मापं दसऱ्यानंतरची होती. आमच्या जवळच्या एका वस्तीवरच्या अकरा बायका टोळीबरोबर ऊसतोडीला निघाल्या होत्या. त्यातल्याच एकीच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं, नवरी शिरूर कासारची. टोळी परत येणार वीस मार्चला, शुक्रवारी, आणि लग्न लगेच रविवारी. म्हणजे ब्लाऊज त्या नसतानाच शिवून तयार हवे. मापाचा ब्लाऊज ठेवून जा म्हणावं तर एकेकीकडे तीन-चारच, ते सगळे अंगावर आणि गाठोड्यात. त्यामुळे माप फक्त माझ्या फोनमध्ये. कापड लग्नाच्या साड्यांतूनच कापून काढलेलं, त्या रंगाचा दुसरा तुकडा बाजारात मिळत नाही. कापताना चुकलं की चुकलं. वरमाय जाताना म्हणाली होती, "बाई, तुमच्या भरवशावर चाललोय. अंगात न्हाई आलं तर लग्नात पदर घट्ट धरूनच बसावं लागंल."

मोबाइलच्या दुकानात मी तयारीने गेले होते. तिथल्या पोराने दोन्ही फोन शेजारी ठेवले, नंबर आणि फोटो इकडून तिकडे सोडले आणि म्हणाला, "काकू, रेकॉर्डिंग काय ह्या रस्त्यानं येत नसतं. कंपनी बदलली ना."

"ते मी घरीच पाठवलंय," मी म्हणाले. "व्हॉट्सॲपवर, मुलीच्या नंबरला. अकरा."

"मग तुमी तर माझ्या पुढं निघालात की!"

मला बरं वाटलं. मुलीला तिथूनच फोन करून विचारलं, तीही म्हणाली, आले गं, अकरा आहेत. मी जुना फोन दुकानातच सोडला, त्याच्या बदल्यात नव्याला काच आणि कव्हर बसवून घेतलं. पोराने माझ्यासमोर जुना फोन पुसून कोरा केला. रबर तेवढं मी काढून घेतलं.

घरी येऊन अस्तर पिळून तारेवर टाकलं. मुलीने रेकॉर्डिंग नव्या फोनवर परत पाठवली. ती उघडली आणि माझी चूक मला दिसली. अकराच्या अकरा होती, पण एकावरही नाव नव्हतं. नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे, सगळी सारखी. क्रमही राहिला नव्हता. मी संख्या मोजली होती, नावं बघितली नव्हती.

मुलगी म्हणाली, "आई, पाठवताना नाव जातं कधी कधी. जुन्या फोनमध्ये असेल ना?"

"जुना पुसला."

"मग त्यांना फोन करून खरं सांग आणि परत माप घे."

"कशाने घेऊ? त्या तिकडे उसाच्या फडात. टेप कुणाकडे आहे? आणि माप हरवलं म्हणून सांगितलं तर संध्याकाळपर्यंत पूर्ण टोळीला कळेल. पुढच्या दसऱ्याला माझ्या दारात कुणी उभं राहणार नाही."

फोन ठेवला. हे जेवायला आले होते. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "सगळे एका मापाचे शिव. कुणाला तरी येतीलच." मी त्यांना भाजी वाढली.

मग अकरा पिशव्या पलंगावर मांडल्या. प्रत्येकीत कापड आणि नावाची चिठ्ठी होतीच. म्हणजे कापड कुणाचं ते माहीत होतं, माप कुणाचं ते नव्हतं. फोनचा आवाज पूर्ण मोठा केला आणि पहिलं रेकॉर्डिंग लावलं. नव्या फोनचा आवाज इतका स्वच्छ निघाला की टेप ओढल्याचासुद्धा ऐकू येत होता. जुन्या फोनमध्ये मला फक्त माझे आकडे ऐकू यायचे. बाकीच्या बोलण्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

पहिल्यात आवाज आला, "बाई, दंड ढिला ठेवा. हात वर करून आहेर घ्यायचाय मला." ही वरमाय. तिच्या पिशवीवर आकड्यांचा कागद टाचला.

दुसऱ्यात शेळी ओरडत होती. घरी बांधायला कुणी नाही म्हणून शेळी बरोबर घेऊन आलेली एकच होती. कागद टाचला.

तिसरी म्हणत होती, "आतून खिसा कर, मोबाइल बसंल असा. मागच्या साली फडात पडला तर मोळीत बांधून गेलता." तिचंही नाव लक्षात होतं. मी तेव्हा हसले होते आणि माझं हसणंही त्यात होतं.

चौथीचा शब्दच नाही. मी विचारते, बाही कोपरापर्यंत का? तर नुसतं "हं". गळा गोल का? "हं हं". मी दोनदा ऐकलं आणि आठवलं. ही तोंडात मिश्री घेऊन आली होती, शेवटी अंगणात जाऊन थुंकली आणि मग दोन तास बोलत बसली.

असं करत दुपारी तीनपर्यंत नऊ जणी लागल्या. उरल्या दोन, आणि त्या दोघी वरमायच्या सुना. सख्ख्या जावा, एका अंगाच्या, एका उंचीच्या. आकडेही जवळजवळ तेच. एकीच्या रेकॉर्डिंगमध्ये होतं, "आक्का, गळा लई खोल नगं. सासूबाई लगीनभर डोळे वटारून बघतेत." दुसरीच्यात होतं, "मागून चांगला मोठा गळा ठेवा, दोरी लावा. सासूबाईला आत्ता सांगू नका, एकदा शिवून झालं की काय करतेत?" आवाज दोघींचा ओळखीचा, पण कोणता कुणाचा ते सांगता येईना. उलट झालं असतं तर एकीची पाठ झाकली गेली असती, दुसरीची उघडी पडली असती आणि लग्नात भांडण माझ्या नावाने झालं असतं.

मी धाकट्या सुनेला फोन लावला. पलीकडे वारा आणि कोयत्यांचा आवाज.

"हालो, कोन?"

"धारूरची टेलरबाई."

"आक्का! फोन कावून केला? माप हरवलं का काय?"

"माप हरवायला ती काय शेळी हाय का? मी विचारते, पाठीच्या दोरीला लटकन केवढी लावू? मोती का गोंडे?"

"कसली लटकन? मी तर बंद गळा सांगितलता तुमाला! लटकन जाऊबाईची."

मागून थोरलीचा आवाज आला, "हळू बोल की बये, सासूबाई हितंच हायेत!"

माझं काम झालं होतं. फोन ठेवणार तेवढ्यात तिसराच आवाज आला. वरमायने फोन हिसकावून घेतला होता.

"काय लटकन लटकन लावलंय? कुणाला लटकन?"

आता काय सांगावं? मी म्हणाले, "तुमालाच लावावी का, ते विचारत होते. वरमाय तुमी."

 मग त्या म्हणाल्या, "मला म्हातारीला?" आणि लगेच आवाज खाली आणून, "लावा. पण बारकी नगं, दिसली पायजे."

संध्याकाळपर्यंत अकरा पिशव्यांना अकरा कागद लागले. कागद टाचल्यावर मी सगळे आकडे वहीत उतरवून काढले. नवीन फोन कितीही चांगला असला तरी.

पण आकडे मिळाले म्हणून काम संपत नाही. दसऱ्याचं माप मार्चमध्ये जसंच्या तसं चालत नाही. पाच महिने कोयता चालवून आलेली बाई कंबरेत उतरते आणि दंडात भरते. मी हे पुस्तकातून शिकले नाही. पहिल्या तीन-चार वर्षांत दंडावर उसवलेले ब्लाऊज परत आले, त्यांनी शिकवलं. म्हणून दंडाला अर्धा इंच वाढवला, कंबरेला एक इंच आत घेतलं आणि बाजूच्या शिवणीत भरपूर कापड दाबून ठेवलं. वरमायचं मात्र कमी केलं नाही. ती तोडायला नाही, स्वयंपाकाला आणि मोळ्या बांधायला जाते, आणि पोराच्या लग्नाच्या आनंदात कुणी वाळत नाही.

पाच आठवडे शिवत होते. वीज दुपारी जायची तेव्हा काज आणि हुक हाताने. थोरलीच्या पाठीला लाल गोंड्यांची लटकन लावली, वरमायच्या पाठीला त्याहून मोठी, सोनेरी मण्यांची. हे एकदा येऊन बघून गेले. "मापं मिळाली म्हणायची," असं म्हणाले. मी म्हणाले, "मिळाली नाहीत, ओळखली."

टोळी शुक्रवारी आली. शनिवारी दुपारी अकराही जणी माझ्या खोलीत. उन्हाने चेहरे काळवंडलेले, हातांना पाचटाचे ओरखडे, आणि बोलणं असं की गल्लीच्या टोकापर्यंत जावं. पडद्यामागे एकेकीला घालायला लावलं. मी टेप गळ्यात टाकून पडद्याबाहेर उभी. 

शेळीवाली बाहेर आली. हात वर केला, खाली केला. "बसला की!" खिसेवालीने आधी खिशात मोबाइल घालून बघितला, मग आरशात. मिश्रीवाली आज बोलली, "आक्का, दंड कसा वळकला तुमी? मागच्या साली त्या दुसऱ्या टेलरनं शिवलता, तिथंच फाटला." धाकटीचा बंद गळा गळ्यालाच बसला.

मग थोरली आली. पाठमोरी उभी राहिली. मोठा गळा, दोरी, लाल गोंडे. सगळ्या वरमायकडे बघायला लागल्या.

वरमायने डोळे वटारले खरे. पण तीही नुकतीच आपला ब्लाऊज घालून पडद्याबाहेर आली होती आणि तिच्या स्वतःच्या पाठीवर सोनेरी मणी वाजत होते. धाकटी म्हणाली, "सासूबाई, तुमची तर जाऊबाईपेक्षा मोठी!"

"मोठी असणारच," वरमाय म्हणाली. "वरमाय कोन हाय?"

हसून हसून मिश्रीवाली खाली बसली. अकरापैकी अकरा ब्लाऊज अंगात बसले. एकही शिवण उसवावी लागली नाही, दाबून ठेवलेलं कापड तसंच राहिलं. मी टेप गळ्यातून काढून खुंटीला अडकवली. बावीस वर्षांत असं एकदम अकरा ब्लाऊजांचं कधी झालं नव्हतं, आणि मापं समोर असतानाही झालं नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माप हरवलं होतं हेही सांगावं लागलं असतं.

जाताना वरमाय दारात थांबली. "उद्या सकाळी टेम्पो सहाला निघतोय. तुमी येनार. पुढची सीट तुमची."

"दुकान आहे माझं."

"आमी अकरा जणी न्हाई तर उद्या दुकानात कोन येतंय?" ती म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले. पिशवीत सुई, दोरा आणि कात्री घेतली होती. लग्नघरी ऐन वेळी काहीही उसवतं. शिरूर कासारला उतरलो तेव्हा ऊन वर आलं होतं. मांडवाकडे जाताना मी मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहिले. अकरा पाठी माझ्यापुढे चालल्या होत्या, एकीवरही सुरकुती नव्हती, एकीचाही खांदा उतरत नव्हता. मग मी पावलं उचलली, त्यांच्या पुढे गेले आणि नाष्ट्याच्या रांगेत पहिली उभी राहिले.