मानपत्रातलं एक वाक्य

मुलुंडच्या आमच्या मंडळात कुणाचा सत्कार ठरला, की मानपत्र माझ्या गळ्यात. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवल्याची ही शिक्षा. सत्कारमूर्तींना मी बहुधा ओळखतही नसे. कार्यकर्ते एका कागदावर नाव आणि पदव्या लिहून देत आणि म्हणत, "बाई, बाकी तुम्ही फुलवा." मी फुलवायची.

एका मोठ्या डॉक्टरांचं मानपत्रही असंच फुलवलं. नवीन औषधांवर संशोधन करणारे, घाटकोपरला त्यांचं रुग्णालय. मी लिहिलं, "ते प्रत्येक रुग्णाच्या शेजारी बसून त्याच्या भाषेत उपचार समजावून देतात." मला कुणी सांगितलं होतं हे? कुणीच नाही. वाक्य कानाला बरं वाटलं, एवढंच. शाल, श्रीफळ, टाळ्या. मानपत्र स्मरणिकेतही छापून आलं.

पुढे माझा थोरला भाऊ सांधेदुखीसाठी त्याच डॉक्टरांकडे गेला. सहायकाने इंग्रजी कागदांचा गठ्ठा पुढे केला. "काका, इथे सही करा. रुटीन आहे." दादाने केली. काही आठवड्यांनी सुजलेले पाय आणि पिवळे डोळे घेऊन तो तिथेच भरती झाला, तेव्हा कळलं की त्याच्यावर नव्या औषधाची चाचणी चालली होती. डॉक्टर एकदाही त्याच्या कॉटपाशी थांबले नाहीत. दादा वाचला, पण आता दुसऱ्या मजल्यावरच्या घरी पोचेपर्यंत तीनदा पायरीवर बसतो. तक्रार केली, तर "वयामुळे होतं" असं उत्तर आलं.

मध्यंतरी भाचीने एका ऑनलाइन ज्ञानकोशातलं डॉक्टरांचं पान दाखवलं. पुरस्कार, परदेशातली व्याख्यानं, सगळं सविस्तर. ज्या कंपनीच्या औषधाची चाचणी, तिचेच ते सल्लागार आहेत, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. आणि मधोमध माझं वाक्य! खाली पुरावा म्हणून आमच्या मंडळाची स्मरणिका. माझं डोकंच फिरलं.

ती पानं कुणालाही बदलता येतात म्हणे. भाचीकडून शिकून घेतलं आणि ते वाक्य काढून टाकलं. तासाभरात ते परत जागेवर. पानामागे चर्चेची जागा असते, तिथे जाऊन ते परत घालणाऱ्याला विचारलं, बाबा रे, तू कोण? तर म्हणे डॉक्टरांच्याच संस्थेत नोकरीला आहे, "म्हणून तर मला नक्की माहीत." लाज नावाला नाही! वर मलाच विचारतो, तुमचा काय संबंध? मी सरळ लिहिलं: मी रुग्णाची बहीण, आणि हे वाक्यही मीच मनाने रचलेलं आहे. हात दाखवून अवलक्षण!

तिसऱ्याच कुणी संपादकाने निवाडा दिला. दोघांचेही हितसंबंध आहेत, तेव्हा दोघांनीही पानाला हात लावू नये. वाक्याला छापील आधार आहे, ते राहील. भावाबद्दल कुठे छापून आलं आहे का? आणि मानपत्र तुम्हीच लिहिलंत, याला पुरावा काय?

काय पुरावा देणार? मानपत्राखाली मंडळाचं नाव असतं, लिहिणाऱ्याचं नाही. अध्यक्षांकडे गेले, म्हटलं, स्मरणिकेत चूक झाल्याचं छापा. ते हसले. "काय बाई, मानपत्राची कधी दुरुस्ती असते होय?" आणि त्या संपादकाचा म्हणे समतोल! दादाचं अंथरूण आणि माझी थाप एका तागडीत घातली, आणि थाप जड भरली. त्या संपादकाचा राग आला, डॉक्टरांचा आला, पण सगळ्यात जास्त माझ्या त्या फुलवणाऱ्या हाताचा आला.

रविवारी दादा म्हणाला, काय ते पान, मला वाचून दाखव. सगळं वाचलं. ते वाक्यही गाळलं नाही.

तो उठून बसला. "माझ्या बाजूक कधी बसलो गो तो? कोणी लिवल्यान ह्यां?"

"मी," मी म्हटलं.

ज्ञानकोशाने याचा पुरावा मागितला होता. दादाने मागितला नाही.