गंगाआतेने वरून पाहिलेली वाडी

गेली त्या सकाळी गंगाआतेने कुळथाची पिठी मागून घेतली, भात चाटूनपुसून संपवला, आणि हात धुऊन आडवी झाली ती उठलीच नाही. तिच्या सुनेने हे फोनवर सांगितलं, आणि रडता रडता आम्ही दोघी हसलो... ताट अर्धवट टाकून आतेने जाणं शक्यच नव्हतं.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा मालवाहू बोटीवर, वर्षातून एकदा यायचा. वाडीच्या वर जांभ्या दगडाचा सपाट सडा होता, तिथलं गवत कापायचा हक्क तिचा. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मुंबईची काही हौशी मंडळी तिथे छोटं विमान उतरवू लागली. दिवाळीनंतर आतेचं गवत कापून झालं की ही मंडळी येत, आणि सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार त्यांना विमानातून हवाई छत्री घेऊन उड्या मारायला शिकवत. मी तेव्हा मालवणात नवी शिक्षिका होते आणि आतेकडे राहायचे. दर रविवारी आम्ही सड्यावर.

असंच एकदा, ऊन चढत असताना, सुभेदार विमानात बसले आणि आते सुकल्या गवताचा भारा टाकून वैमानिकाकडे गेली. आम्ही त्यांना कप्तान म्हणायचो.

"वारो आता फिरतलो. तेंका उडी मारूक देव नकात."

कप्तान नुसते हसले. पण छत्री उघडली आणि समुद्राकडून आलेल्या वाऱ्याने ती सरळ वाडीकडे नेली. खाली माडांची गर्दी, दोन उघड्या विहिरी... आम्ही धावत सुटलो. सुभेदार आतेच्याच आंब्यात लटकले होते. कुणीतरी दोऱ्या कापायला कोयता आणला, तो आतेने काढून घेतला. एवढं चांगलं कापड फाडायचं नाही म्हणाली. शिडी लावून तिने त्यांना पाणी पाजलं आणि मुलाबाळांची चौकशी करत एकेक गुंता सोडवला. सुभेदार उतरले ते हसतच.

पुढच्या रविवारपासून कप्तान आधी आतेला वारा विचारायचे. हंगाम संपताना त्यांनी तिला काय हवं ते मागायला सांगितलं.

"माका एकदा वर न्हेशात काय?"

आम्हाला भेटायला आलेले बाबा भडकले. काही झालं तर तिच्या नवऱ्याला काय तोंड दाखवू, म्हणाले. आते शांतपणे म्हणाली, ते बोटीवर जातात तेव्हा मी कधी अडवलंय? बाबा तिच्यामागोमाग सड्यावर आले.

काष्टा आवळून आते विमानात बसली. ती वर असेपर्यंत बाबांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. उतरली तेव्हा अंबाडा सुटलेला, डोळे लकाकत होते. आता समुद्राचं, किल्ल्याचं काही सांगेल म्हणून आम्ही वाट पाहत होतो, तर ती थेट शेजारणीकडे गेली.

"गो पारू, तुझ्या रांदपाच्या खोलीवरचे नळे सरकलेत. पावसाच्या आदी शाकारून घे."

संध्याकाळपर्यंत तिने घरोघरी जाऊन कुणाची कौलं कुठे फुटली ते सांगितलं. त्या वर्षी वाडीत एकही घर गळलं नाही.

काही वर्षांनी विमानं यायची थांबली. परवा दिवसकार्याला गेले, तिच्याच खोलीत झोपले. अंथरुणाच्या बरोबर वर काचेचं एक कौल आहे. विमानातून उतरल्यावर आठवड्याभरात तिने ते बसवून घेतलं होतं. कशाला, असं बाबांनी विचारलं तर म्हणाली, "वरसून विमान गेला तर तेंका कळूक व्हया, हंय मी निजतंय."

सकाळी जाग आली तेव्हा त्या काचेतून उन्हाचा चौकोन माझ्या उशीवर आला होता. मी अंथरूण जरा बाजूला ओढलं आणि आतेच्या जागेवर ऊन पडू दिलं.