पुसलेल्या नंबरांचा रेडिओ

मुकुंदवाडी स्टेशनाजवळच्या बोळात मल्हारीचं दुकान आहे. दुकान कसलं, काचेच्या व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओंची धर्मशाळाच. मल्हारीचा बाप मेंढरं राखायचा. मल्हारीनंही कोकरं वळली, अन् मग तारांच्या नादी लागला. मुक्या रेडिओला बोलतं करणारा असा दुसरा माणूस आमच्या मुलखात कुणी मला दाखवावा.

परवा वैजापूरहून द्वारकाबाई आल्या. मागं त्यांचा लेक गोकुळ, अन् त्याच्या कडेवर लेकरासारखा रेडिओ.

"मल्हारीमामा, आज बोलला तर बोलला," गोकुळ म्हणाला. "नाय तर आतलं समदं भंगारात घालतो अन् खोक्यात ब्लूटूथचा स्पीकर बसवतो."

"माझ्या सासऱ्याचा रेडिओ हाय त्यो," द्वारकाबाई फणकारल्या. "त्याला त्याचाच गळा पायजे. दुसऱ्याचा नको."

मल्हारीनं मागची फळी काढली अन् कपाळाला हात लावला. आतले कंडेन्सर, वीज साठवणारी ती नळकांडी, लखलखीत. एकावरही नंबर नाही, रंगाचा ठिपका नाही.

"आक्का, ह्ये कुणी केलं?"

"मीच की. मुका झाला म्हणून दिवाळीला रॉकेलच्या बोळ्यानं पुसून काढला. लई कळकटला व्हता."

"समई हाय का ही? आता ह्यांची मापं कुणाला इचारू?"

गोकुळ हसला. पण अक्षर पुसलं तरी नातं पुसत नाही. कोणता कंडेन्सर कोणत्या व्हॉल्व्हच्या पायाला जोडलाय, ते मल्हारी तारेतारेनं बघत गेला. हा विजेची घरघर गाळणारा, हा सूर जाड-बारीक करणारा. कामावरून माप ओळखायचं, जुना काढायचा, नव्याला कथलाचा डाग द्यायचा. दुपार अशीच सरली.

शेवटी एक अडला. आवाज पुढच्या मोठ्या व्हॉल्व्हकडं पोचवणारा. मीटर त्याचं भलतंच मोठं माप दाखवी. वीज गळू लागलेला कंडेन्सर मीटरलाही फसवतो. ह्या जागी दोन-तीन मापं चालतात, पण प्रत्येकानं गळा बदलतो.

मल्हारी थांबला. मेंढरांच्या वाड्यावर कोकरांची सरमिसळ झाली की त्याचा बाप कधी डोकं खाजवत बसत नसे. कोकरू सोडून द्यायचा. मेंढी हुंगून आपलं ते जवळ घ्यायची.

"आक्का, म्होरं बसा. आता तुमी वळखायचं."

त्यानं लहान मापाचा कंडेन्सर लावला. व्हॉल्व्ह तांबूस उजळले अन् कुठल्याशा दूरच्या स्टेशनावरचं भजन आलं.

"सर्दी झालीया त्याला," द्वारकाबाई म्हणाल्या.

बटण बंद करून, साठलेली वीज मोकळी करून, मल्हारीनं मोठा लावला.

"आता रांजणात तोंड घालून गातोय!"

मग मधला लावला. द्वारकाबाईंनी खोक्यावर तळवा टेकला, डोळे मिटले. मल्हारीच्या हातातली कैची तशीच राहिली. गोकुळ आईच्या तोंडाकडं बघू लागला.

"ह्यो," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या घरात बोलायचा त्यो ह्योच."

गोकुळ वाकला, कान लावून ऐकत राहिला. बराच वेळ. मग त्यानं स्वतःच मागची फळी बसवली, रेडिओ उचलला, गाडीत पुढच्या सीटवर ठेवून पट्टा आवळला.

"अन् म्या कुठं बसू?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"मागं बस आई. अन् दार हळू लाव, हादरा बसंल त्याला."